झाडाच्या सालीतील सूत्रकृमी : ‘नवी प्रजाती’ म्हणण्यासाठी पुरावा किती लागतो?

झाडोरा (मूळ प्रश्न)

नमस्कार. गेले वर्षभर मी वाळलेल्या आणि वाळत चाललेल्या पाइन वृक्षांच्या सालीतील सूत्रकृमींचा (नेमॅटोड या दोऱ्यासारख्या सूक्ष्म कृमींचा) अभ्यास करीत आहे. हा अभ्यास छंद म्हणूनच चालू आहे, पण तो शक्य तितक्या शिस्तीने करण्याचा प्रयत्न असतो. प्राणिशास्त्रातील पदवी असली तरी सूत्रकृमींचे वर्गीकरण मी शोधनिबंध वाचूनच शिकलो. पाया कुठे कच्चा राहिला असेल तर तो स्पष्टपणे दाखवावा, ही विनंती आधीच करून ठेवतो.

एका उभ्याच वाळलेल्या खोडाची साल मी सोलून आणली. तिच्या बाहेरच्या बाजूस शेवाळ आणि दगडफूल होते, तर आतल्या बाजूस साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे बोगदे आणि त्यांत दाबून भरलेला भुसा होता. सगळ्या सालीचे बारीक तुकडे करून ते कापडात बांधले आणि बेअरमन फनेलमध्ये, म्हणजे पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात, दोन दिवस भिजत ठेवले. तळाशी पुष्कळ सूत्रकृमी जमा झाले. गरम पाण्याने मारून फॉर्मालिनमध्ये स्थिर केल्यानंतर त्यांतील बावीस प्रौढ माद्या आणि पाच नर यांची मी मापे घेतली. माद्यांची लांबी ५२० ते ९१० मायक्रॉन भरली. योनिद्वाराचे स्थान, म्हणजे डोक्यापासूनचे त्याचे अंतर शरीराच्या लांबीच्या किती टक्के आहे तो ‘व्ही’ हा आकडा, ४९ ते ७१ असा आला. बऱ्याच माद्यांच्या शेपटीच्या टोकाला देठासारखा उंचवटा असून त्यावर अगदी बारीक फाटे दिसतात. तोंडातील सुईसारखा स्टायलेट काहींमध्ये स्पष्ट दिसला, काहींमध्ये दिसला नाही. माझ्या सूक्ष्मदर्शकाची ती मर्यादा असावी.

उपलब्ध ओळखतक्त्यांपैकी एकाशीही ही मापे जुळत नाहीत. ओळखीच्या एका प्रयोगशाळेने दहा कृमी एकत्र घेऊन २८एस जनुकाच्या डी-२ डी-३ भागाचा क्रम, म्हणजे त्यातील डीएनएची अक्षरमाला, काढून दिला. त्यात मधूनमधून दुहेरी शिखरे (एकाच जागी दोन अक्षरांचे संकेत) आहेत, आणि सार्वजनिक संग्रहातील सर्वांत जवळचा क्रम ९४ टक्के जुळतो. एवढ्या पुराव्यावर ही नवी प्रजाती आहे असे म्हणता येईल का? वर्णन लिहायला घेण्यापूर्वी आणखी काय करावे? तिला देण्यासाठी मी ठरवलेले नाव असे : (नाव नंतर काढून टाकले आहे. खाली शेवटचा प्रतिसाद पाहावा.)

---

सूत्रधारक

आपण आकडे मोकळेपणाने दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्यासमोर एक प्रजाती नसून किमान दोन आहेत, आणि ते आपल्याच आकड्यांवरून दिसते.

सूत्रकृमींच्या मापांमध्ये लांबी सर्वांत बेभरवशाची असते. अन्न भरपूर मिळाले की तीच प्रजाती लांब आणि जाड होते, अन्न कमी पडले की खुरटते. लांबीला शरीराच्या रुंदीने भागून येणारा ‘ए’ हा आकडा तर काचपट्टीवर कृमी किंचित दबला तरी बदलतो. ‘व्ही’ मात्र त्या मानाने स्थिर राहतो. एका प्रजातीतील माद्यांमध्ये तो काही टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, पण ४९ पासून ७१ पर्यंत पसरत नाही. आपले बावीस आकडे एका ओळीवर ठिपक्यांनी मांडून पाहा. मधला भाग रिकामा निघाला, तर एक गठ्ठा पन्नाशीच्या आसपास आणि दुसरा सत्तरीच्या आसपास असेल.

शरीररचनेशी ही विभागणी चांगली जुळते. पन्नाशीच्या गठ्ठ्यातील माद्यांमध्ये योनिद्वार मध्यावर असून अंडाशय पुढे आणि मागे असे दोन असतील, स्टायलेट नसेल आणि तोंडाच्या पोकळीत दात दिसतील, तर त्या डिप्लोगॅस्ट्रिडी कुळातील असण्याची शक्यता फार मोठी आहे. भुंगेऱ्यांच्या बोगद्यांत या कुळाचे सूत्रकृमी नेहमीच सापडतात. सत्तरीच्या गठ्ठ्यातील माद्यांमध्ये योनिद्वार मागे सरकलेले, अंडाशय एकच, स्टायलेट बारीक आणि अन्ननलिकेचा मधला फुगीर भाग भला मोठा असेल, तर त्या ॲफेलेंकॉयडिडी कुळातील आहेत. शेपटीवरचा देठासारखा उंचवटा आणि त्यावरचे फाटे ही लायमॅफेलेंकस या गटाची खूण असून तो गट साल, शेवाळ आणि दगडफूल यांतच प्रामुख्याने आढळतो. तेव्हा स्टायलेट न दिसण्याचा दोष सूक्ष्मदर्शकाला देऊ नये; त्या माद्यांमध्ये तो बहुधा नसेलच.

चूक फनेलमध्ये झाली. बाहेरची साल, आतली साल आणि बोगद्यांतला भुसा या तीन वेगवेगळ्या वस्त्या आहेत. बाहेरच्या सालीत आज ओल तर उद्या कोरडेपणा असतो, आणि तिथले अनेक सूत्रकृमी पूर्ण वाळून निपचित पडतात व पाणी मिळाले की काही तासांनी पुन्हा हलू लागतात. आतल्या सालीत बुरशी खाणारे असतात. बोगद्यांत जीवाणूंवर जगणारे, इतर सूत्रकृमींना खाणारे आणि भुंगेऱ्याच्या पाठीवर बसून आलेले असे सगळेच एकत्र नांदतात. तिन्ही भाग एका पिशवीत बांधल्यावर कोण कुठला होता हे पुन्हा सांगता येत नाही. याहून वाईट गोष्ट अशी की एका प्रजातीची मादी आणि दुसऱ्या प्रजातीचा नर यांची जोडी लावून वर्णन छापले जाण्याचा धोका राहतो. आपल्या पाच नरांचे स्पिक्यूल (मीलनाच्या वेळी वापरले जाणारे कठीण काटे) आणि शेपटीवरील अंकुरांची मांडणी पुन्हा तपासून पाहावी. ते पाचही एकाच जातकुळीचे असतील असे मला वाटत नाही.

यापुढे तिन्ही भाग वेगळे सोलावेत, वेगळे भिजवावेत आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा. फनेलच्या अरुंद नळीत प्राणवायू कमी पडतो, म्हणून उथळ ताटात जाळीवर कागद पसरून त्यावर साल भिजवली तर कृमी अधिक जोमदार मिळतात. वाळलेल्या सालीला एकदम पाण्यात न बुडवता आधी एक रात्र दमट हवेत ठेवावे.

ओळखतक्त्याशी जुळले नाही, एवढा पुरावा नव्या प्रजातीसाठी पुरत नाही. तक्ते छापल्या दिवसापासून जुने होऊ लागतात. ज्या गटात आपण प्रजाती ठेवू इच्छिता त्यातील प्रत्येक वर्णित प्रजातीच्या मूळ वर्णनाशी तुलना करावी लागते, आणि सालीतील सूत्रकृमींबाबत ही वर्णने बरीच जुनी आणि बऱ्याचदा जर्मन भाषेत आहेत. बर्सॅफेलेंकस आणि लायमॅफेलेंकस हे दोन्ही गट फुक्स यांनी १९३७ मध्ये स्थापन केले. रूम यांनी १९५६ मध्ये साल-भुंगेऱ्यांच्या सूत्रकृमींवर मोठा ग्रंथ लिहिला, तोही जर्मनमध्येच. त्यातील आकृती पाहिल्याशिवाय ‘असे कुणी वर्णन केलेले नाही’ हे वाक्य लिहू नये.

हे न केल्याने काय होते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पाइनचाच सूत्रकृमी आहे. स्टायनर आणि बुहरर यांनी १९३४ मध्ये अमेरिकेतील लाकडातून ॲफेलेंकॉयडिस झायलोफिलस या नावाने त्याचे वर्णन केले, आणि १९७० मध्ये निकल यांनी ती प्रजाती बर्सॅफेलेंकस या गटात हलवली. जपानमध्ये पाइनची झाडे मोठ्या प्रमाणावर मरत होती. त्यामागे सूत्रकृमी असल्याचे कियोहारा आणि तोकुशिगे यांनी १९७१ मध्ये प्रयोगाने दाखवले, आणि पुढच्याच वर्षी मामिया आणि कियोहारा यांनी त्याचे बर्सॅफेलेंकस लिग्निकोलस या नव्या नावाने वर्णन केले. दोन्ही नावे एकाच प्रजातीची आहेत हे १९८१ मध्ये स्पष्ट झाले आणि आधीचे नाव कायम राहिले. हे सर्व लोक आपल्या विषयात निष्णात होते, हे लक्षात घ्यावे.

---

क्रमवाचक

सूत्रधारक यांच्याशी मी सहमत आहे. जनुकीय बाजूविषयी थोडे लिहितो.

दहा कृमी एकत्र चिरडून काढलेला क्रम कृपया बाजूला ठेवावा. वरील मिश्रणाचा अंदाज खरा असेल, तर त्यातील दुहेरी शिखरे ही दोन प्राण्यांचे क्रम एकमेकांवर छापले गेल्याची खूण आहे, आणि मग ‘९४ टक्के’ हा आकडा कोणत्याच प्राण्याचा नाही. एका कृमीपासून एक क्रम, हा नियम मोडू नये. एका प्रौढ कृमीत या कामापुरते डीएनए मिळते.

त्याहून उपयोगी सवय अशी, की ज्या कृमीचा क्रम काढायचा त्याची आधी तात्पुरत्या काचपट्टीवर वेगवेगळ्या खोलींवर छायाचित्रे घ्यावीत, मापे नोंदवावीत आणि मगच तो विरघळवावा. यामुळे क्रम आणि शरीररचना एकाच प्राण्याशी बांधली जातात. फॉर्मालिनमध्ये ठेवलेल्या कृमींचे डीएनए खराब होते. म्हणून आणलेल्या मालाचे सुरुवातीलाच दोन वाटे करावेत : एक फॉर्मालिनमध्ये, दुसरा डेस या मिठाच्या संपृक्त द्रावणात, ज्यात डायमिथाइल सल्फॉक्साइड आणि ईडीटीए असते.

जुळणीच्या टक्क्यांवर प्रजातीची सीमा ठरवू नये, हे मी जनुकीय काम करणारा असूनही सांगतो. सूत्रकृमींच्या वर्णन झालेल्या प्रजाती २५ हजारांच्या वर आहेत, परंतु त्यांपैकी बऱ्याच प्रजातींचा एकही क्रम सार्वजनिक संग्रहात नाही. त्यामुळे ‘सर्वांत जवळचा क्रम ९४ टक्के’ याचा अर्थ आपली प्रजाती नवी आहे असाही होऊ शकतो, किंवा ती जुनीच असून तिचा क्रम कुणी काढलेला नाही असाही. शिवाय संग्रहातील काही क्रमांवर चुकीच्या प्रजातीचे नाव चिकटलेले असते. १८एस जनुक फार सावकाश बदलते, त्यामुळे जवळच्या दोन प्रजातींत ते जवळपास सारखेच निघू शकते. ते कुळ आणि गट ठरवण्यासाठी चांगले. डी-२ डी-३ भाग प्रजातींच्या पातळीवर अधिक बोलतो. आयटीएस हा १८एस आणि २८एस यांच्या दरम्यानचा भाग भराभर बदलतो, पण एकाच कृमीत त्याच्या थोड्या वेगळ्या प्रती असू शकतात. मायटोकाँड्रियातील सीओआय हे जनुक उत्तम, फक्त सूत्रकृमींमध्ये त्याचे प्राइमर (जनुकाच्या प्रती काढण्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) अनेकदा दगा देतात. दोन स्वतंत्र जनुकांनी एकच विभागणी दाखवली आणि शरीररचनेनेही तीच दाखवली, तर माझे समाधान होते.

एका मुद्द्यावर मात्र माझा मतभेद आहे. केवळ आकारावर बांधलेल्या जुन्या वर्णनांना इतके पवित्र मानू नये. बर्सॅफेलेंकस म्युक्रोनॅटसच्या मादीच्या शेपटीला बारीक टोक असते आणि झायलोफिलसची शेपटी गोलसर असते, असे पूर्वी शिकवले जाई. पण झायलोफिलसच्या काही समूहांतील माद्यांनाही टोक आढळले. पहिला सूत्रकृमी झाडे मारत नाही म्हणता येईल इतका सौम्य, आणि दुसरा अनेक देशांच्या प्रतिबंधित यादीत. इथे शेपटीवर विसंबून चालत नाही.

---

भुंगेरेवाला

मी सूत्रकृमींचा नव्हे, कीटकांचा माणूस आहे. तरीही एक तक्रार नोंदवतो : वरच्या तिन्ही लेखनांत भुंगेऱ्याचे नाव कुणी विचारले नाही.

साल-भुंगेऱ्यांसोबतच्या सूत्रकृमींचे भुंगेऱ्याशी असलेले नाते एकसारखे नसते. काही नुसते प्रवासी असतात. ते डाऊअर नावाच्या टिकाऊ अवस्थेत, न खाता, पंखांच्या कठीण कवचाखाली किंवा शरीराच्या घड्यांत चिकटून नव्या झाडावर पोहोचतात. काही भुंगेरा मरण्याची वाट पाहतात आणि त्याच्या प्रेतावर वाढणारे जीवाणू खातात. प्रिस्टिऑन्कस या डिप्लोगॅस्ट्रिड गटात हे चांगले अभ्यासले गेले आहे. काही खरे परजीवी असून ते शरीराच्या पोकळीत राहतात. पाइन मारणारा झायलोफिलस तर मोनोकेमस या लांब मिशांच्या भुंगेऱ्याच्या श्वासनलिकांत हजारोंनी भरलेला असतो. वर्णनात ‘पाइनच्या सालीतून’ एवढेच लिहिले, तर पुढच्या संशोधकाला ती प्रजाती पुन्हा सापडणे कठीण होते, आणि पुन्हा सापडली नाही तर आपल्या वर्णनाची तपासणीही होत नाही.

म्हणून प्रत्येक जिवंत भुंगेरा वेगळ्या नळीत घ्यावा. एका डबीत दहा ठेवले की ते एकमेकांना प्रवासी वाटतात. नंतर त्यांतील काही पाण्याच्या थेंबात उघडून पाहावेत : आधी पंखांखाली, मग श्वासनलिका, मग आतडे, मग शरीरपोकळी, आणि प्रत्येक ठिकाणची नोंद वेगळी. उरलेले अगरच्या थाळीवर ठेवून द्यावेत. भुंगेरा मेला की काही दिवसांत डाऊअर जागे होऊन प्रौढ होतात आणि जीवाणू खाणाऱ्यांची जिवंत पैदास मिळते. बुरशी खाणाऱ्यांसाठी थाळीवर बोट्रायटिस वाढवावी. भुंगेरा स्वतः मात्र फेकू नये. त्यालाही टाचणी, चिठ्ठी आणि ओळख हवी. भुंगेऱ्यांच्या ओळखीत चूक झाली की सूत्रकृमीच्या यजमानाची नोंदही चुकते, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जाते.

---

झाडोरा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काचपट्ट्या पुन्हा काढून पाहिल्या. ठिपके ओळीवर मांडताच विभागणी उघड झाली : चौदा माद्यांचा ‘व्ही’ ६६ ते ७१ असून सर्वांना स्टायलेट आहे आणि शेपटीवर देठ आहे, उरलेल्या आठ माद्यांचा ‘व्ही’ ४९ ते ५२ असून एकीलाही स्टायलेट नाही. पाच नरांपैकी तीन पहिल्या गटाचे आणि दोन दुसऱ्याचे वाटतात. वर्षभर हे डोळ्यांसमोर होते याची लाज वाटते.

आता नवा गोंधळ असा आहे, की त्या आठ माद्यांतही मला दोन प्रकार दिसतात. पाच जणींची तोंडाची पोकळी अरुंद असून दात एकच आहे. तिघींची रुंद असून दोन मोठे, आकड्यासारखे दात आहेत. बाकी सर्व मापे सारखी आहेत. म्हणजे एकूण प्रजाती तीन समजायच्या का? शिवाय पहिल्या गटाच्या वर्णनाला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे अनिवार्य आहेत का, आणि नावाच्या प्रकाशनाचे नियम नेमके कोणते, हेही कृपया सांगावे.

---

सूत्रधारक

लाज वाटण्याचे कारण नाही. मिश्र नमुन्यावर वर्णन लिहिणारे आपण पहिले नसता, आणि आपण तर लिहिण्याआधी थांबलात.

त्या आठ माद्या तूर्त एकच प्रजाती धराव्यात. डिप्लोगॅस्ट्रिडांमध्ये एकाच प्रजातीत, किंबहुना एकाच आईच्या पिलांत, तोंडाचे दोन प्रकार असू शकतात : अरुंद तोंडाचे जीवाणू खातात, आणि रुंद तोंडाचे, दोन दातांचे, इतर सूत्रकृमींनाही फाडून खातात. प्रिस्टिऑन्कस पॅसिफिकस या प्रजातीत वाढीच्या काळातील परिस्थितीनुसार कोणते तोंड होईल हे ठरते, आणि त्यावर भरपूर काम झाले आहे. खात्री हवी असेल तर जिवंत पैदास करावी, एका मादीची संतती वेगळी वाढवावी आणि तिच्यात दोन्ही तोंडे निघतात का ते पाहावे. पैदास हाती असली की आणखी एक दार उघडते : ज्ञात प्रजातीच्या नराशी संकर. पिले झालीच नाहीत, किंवा झालेली पिले वांझ निघाली, तर वेगळ्या प्रजातीचा याहून सरळ पुरावा नाही. ज्या प्रजाती नराशिवायच प्रजनन करतात तिथे मात्र ही कसोटी लागू पडत नाही.

चौदा माद्यांकडे वळू. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रे कोणत्याही नियमाने अनिवार्य नाहीत. तरीही लायमॅफेलेंकसच्या बाबतीत शेपटीवरचे फाटे किती आणि कसे, हाच प्रजाती ओळखण्याचा कणा आहे, आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजताना डोळा फसतो. त्यामुळे या एका खर्चात काटकसर करू नये, असे माझे मत आहे. तीन नर फार थोडे आहेत. त्याच झाडाच्या बाहेरच्या सालीतून आणखी मिळवावेत. क्रमवाचक यांनी जुन्या वर्णनांविषयी घेतलेला आक्षेप मला मान्य आहे, पण नावांच्या जगात जुने वर्णन निकृष्ट असले तरी त्याचा अग्रक्रम जात नाही. म्हणून ते वाचणे सुटत नाही.

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता लिनियस यांच्या १७५८ पासून गणना करते. तिच्या सध्याच्या आवृत्तीनुसार १९९९ नंतर प्रकाशित झालेल्या नव्या प्रजातीसाठी काही गोष्टी स्पष्ट लिहाव्या लागतात : हे नाव नवे आहे याची घोषणा, इतरांपासून वेगळे ओळखता येईल असे शब्दांतील वर्णन, होलोटाइप, म्हणजे नाव ज्याच्याशी कायमचे बांधले जाते तो नमुना, आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाणार आहे याचा उल्लेख. सूत्रकृमींमध्ये होलोटाइप सहसा ग्लिसरीनमध्ये कायम बसवलेला एकच नर किंवा एकच मादी असते, बाकीचे पॅराटाइप. पॅराटाइप दोन-तीन वेगळ्या संग्रहांत वाटून द्यावेत, कारण ग्लिसरीनच्या काचपट्ट्या गळतात, सुकतात आणि टपालात फुटतात. दुसऱ्या देशातील संग्रहात काही पाठवायचे असेल, तर जैविक नमुन्यांच्या वापराविषयीच्या नागोया कराराखालील परवानग्यांचा विचार साल सोलण्याआधीच करावा. नियतकालिक फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघत असेल, तर ते लेखन झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत आधी नोंदवलेले असणे आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच असणे आवश्यक आहे. २०११ नंतरच्या इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांना ही सवलत आणि ही अट दोन्ही लागू आहेत.

आणखी एक गोष्ट प्रकाशनाआधीची आहे. झाड उभ्याच वाळले होते, असे आपण लिहिले आहे. नव्या मालात स्टायलेट असलेले पण शेपटीवर देठ नसलेले कृमी आढळले, तर प्रथम झायलोफिलस नाही याची जनुकीय खात्री करावी आणि शंका उरल्यास वनस्पती-संरक्षण यंत्रणेला कळवावे. तोवर ती साल आणि लाकूड दुसरीकडे नेऊ नये. लाकडी पेट्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवण्याची अट आहे, त्यामागे हाच सूत्रकृमी मुख्यत्वे आहे. काम संपल्यावर उरलेल्या सालीलाही तितकीच उष्णता द्यावी.

शेवटी नावाबद्दल. आपण ते वर जाहीरपणे लिहिले आहे. इथल्या लेखनाने ते नाव वैध होत नाही. फक्त वर्णनाविना फिरणारे एक नाव तयार होते, आणि उद्या कुणी ते यादीत उतरवून घेतले तर ते निस्तरण्याचे काम आपल्याच गळ्यात पडेल. चौदा माद्या कुणाच्या हे अजून ठरायचे आहे.

---

झाडोरा

मूळ संदेशातील नाव काढून टाकले आहे. काचपट्ट्यांवर तूर्त ‘लायमॅफेलेंकस, प्रजाती अनिश्चित, बहुधा बाहेरची साल’ आणि ‘डिप्लोगॅस्ट्रिड, बोगदा किंवा आतली साल, स्थान अनिश्चित’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याच खोडाची साल उद्या पुन्हा आणतो आहे, या वेळी तीन पिशव्यांत. भुंगेऱ्यांसाठी चाळीस नळ्या धुऊन ठेवल्या आहेत.